बांधकामावरची उघडी माती : धूप आणि गाळनियंत्रणाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

बांधकामाला सुरुवात होते ती जमीन मोकळी करण्यापासून. झाडझाडोरा निघतो, गवत खरवडले जाते, वरचा सुपीक थर एका कोपऱ्यात ढीग होऊन पडतो आणि खालचा मुरूम किंवा चिकणमाती उघडी पडते. मग पोकलेन आणि डंपर महिनोन्‌महिने त्या जागेवर फिरतात. मातीची नैसर्गिक घडण मोडते, चाकांखाली ती दाबली जाते आणि पाणी मुरायला वाव उरत नाही. भरावाचे नवे उतार मूळ जमिनीपेक्षा उभे असतात. अशा जागेवर पाऊस पडला की होणारी धूप शेतातल्या धुपेपेक्षा जातीने वेगळी नसते. तिचे प्रमाण मात्र कैकपट असते.

पावसाचा टपोरा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो आणि उघड्या मातीवर आदळून कण उडवतो. सुटलेले कण उतारावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर निघतात. पाणी जिथे एकवटते तिथे आधी बोटभर ओघळी पडतात, त्यांच्या पुढे घळी होतात. खडे आणि जाड वाळू फाटकाबाहेरच्या रस्त्यावर किंवा पहिल्याच गटारात बसते. पोयट्याचे कण नाल्यापर्यंत जातात. चिकणमातीचे कण नदी, तलाव किंवा खाडी गाठल्याशिवाय थांबत नाहीत. त्यामुळे नुकसानही विखुरलेले असते: इथे तुंबलेले गटार, पुढे उथळ झालेला नाला, त्याही पुढे गढूळ पाण्यात न पोहोचणारा सूर्यप्रकाश, माशांच्या कल्ल्यांत आणि अंड्यांवर बसणारा गाळ, मातीच्या कणांना चिकटून आलेला फॉस्फरस. जलचरांना किती इजा होते हे पाणी किती गढूळ आहे एवढ्यावर ठरत नाही. ते किती वेळ तसे राहते यावरही ठरते.

या क्षेत्रात दोन कामे वेगळी मोजली जातात. कण जागचा सुटू न देणे हे धूपनियंत्रण. सुटलेला कण हद्दीबाहेर जाऊ न देणे हे गाळनियंत्रण. गेल्या पन्नास-साठ वर्षांतले बहुतेक वाद या दोहोंपैकी कशावर भर द्यायचा आणि ते काम झाले हे कसे ठरवायचे, याभोवती फिरत आले आहेत.

शेतातून शहराकडे

मातीच्या धुपेचे शास्त्र शेतात जन्मले. अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर १९३५ मध्ये ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली मृदसंधारणाची स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. त्याच काळात मुंबई इलाख्यात सोलापूरच्या कोरडवाहू भागात पाणी आणि माती धरून ठेवण्याचे प्रयोग सुरू होते. १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला कायदेशीर आधार दिला. समतल बांध, ताली, नालाबांध, सलग समतल चर ही महाराष्ट्रातल्या मृदसंधारणाची रोजची परिभाषा त्या परंपरेतून घडली. या सगळ्यात बांधकाम कुठेच नव्हते. घर बांधताना चार-दोन डंपर माती इकडची तिकडे होते, एवढेच तेव्हा गृहीत धरलेले होते.

हे गृहीतक मोडले ते अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या भोवती उपनगरे झपाट्याने वाढत होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एम. गॉर्डन वोल्मन यांनी आशर शिक यांच्यासह तिथल्या ओढ्यांमधून वाहणारा गाळ तपासला. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार बांधकाम नसलेल्या क्षेत्रातून वर्षाला दर चौरस मैलामागे काहीशे टन गाळ येत होता. बांधकाम चालू असलेल्या क्षेत्रात हा आकडा काही हजारांपासून १,४०,००० टनांच्याही वर जात होता. या वरच्या टोकाचा हिशेब हेक्टरी सुमारे ४९० टन होतो. त्याच वर्षी वोल्मन यांनी एक चक्रही मांडले. जंगल असताना गाळ कमी, शेती आली की मध्यम, बांधकामाच्या दोन-चार वर्षांत एकदम उसळी. मग डांबर आणि काँक्रीटने सगळे झाकले की गाळ जवळपास थांबतो. मात्र छपरांवरून आणि रस्त्यांवरून वेगाने आलेले पाणी आता ओढ्याचे काठच खाऊ लागते.

या चक्राचा दोन्ही बाजूंनी उपयोग झाला. बांधकामाचा टप्पा तात्पुरता आहे, तेव्हा त्यावर मोठा खर्च कशाला, असे एक मत. दोन वर्षांत जाणारा गाळ ओढ्याच्या तळाशी पुढची कित्येक वर्षे पडून राहतो, शिवाय शहर वाढत असते तेव्हा एक जागा झाकली जाते त्याच वेळी शेजारची उघडी होते, असे दुसरे. मेरिलँडने दुसरे मत धरले आणि १९७० मध्ये राज्यव्यापी गाळनियंत्रण कायदा केला. अमेरिकेच्या १९७२च्या केंद्रीय स्वच्छ पाणी कायद्याचा रोख सुरुवातीला कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्यावर होता. १९८७च्या दुरुस्तीने पावसाचे वाहते पाणी त्यात आले. १९९०च्या नियमांनी पाच एकर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना परवाना लागू झाला; १९९९ मध्ये ही मर्यादा एक एकरावर आली.

मोजण्याचे सूत्र आणि त्याची मर्यादा

वॉल्टर विश्मायर आणि ड्वाइट स्मिथ यांनी १९६५ मध्ये मांडलेले मृदाहानीचे सूत्र आजही या विषयाचा कणा आहे. पावसाची धूपक्षमता, मातीचा धुपण्याचा कल, उताराची लांबी व तीव्रता, जमिनीवरचे आच्छादन आणि बांधबंदिस्तीसारखे उपाय हे घटक गुणले की वर्षाची सरासरी धूप मिळते. सूत्र बेतले होते ते सुमारे २२ मीटर लांब आणि ९ टक्के उताराच्या प्रायोगिक शेतवाफ्यांवर. त्यामुळे घळींचा त्यात हिशेब नाही आणि एका वादळी पावसाचे भाकीत करणे हे त्याचे काम नाही. १९७५ मध्ये विल्यम्स यांनी केलेल्या बदलात पावसाच्या जागी वाहून गेलेल्या पाण्याचे आकारमान आणि त्याचा सर्वोच्च प्रवाहदर घेतला गेला, तेव्हा एकेका पावसाचा अंदाज शक्य झाला. बांधकामावर उतार दर आठवड्याला बदलतो. सकाळी असलेला ढीग संध्याकाळी भरावात जातो. कुठलेच सूत्र तिथे नेमके बसत नाही. तरीही अभियंते ते वापरतात, कारण कोणत्या घटकाला हात लावला तर किती फरक पडेल हे त्यातून स्पष्ट दिसते.

त्यातला आच्छादनाचा घटक उघड्या जमिनीला १ असतो. पेंढ्याचे चांगले आच्छादन केले तर तो दहाव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याच्याही खाली येतो, आणि दाट गवत रुजले की शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. माणसाच्या हातात असलेल्या दुसऱ्या कोणत्याही उपायाने एवढी घट मिळत नाही. पावसाचा घटक बदलता येत नाही हे खरे, पण माती कोणत्या महिन्यात उघडी ठेवायची हे ठरवता येते. ज्या प्रदेशात नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस चार महिन्यांत पडतो, तिथे या निवडीचे वजन फार मोठे आहे. पुढे येणारे सगळे मतप्रवाह या दोन गोष्टींशी ताडून पाहता येतात.

भारतात धुपेचा सर्वाधिक उद्धृत होणारा अंदाज ध्रुव नारायण आणि राम बाबू यांचा १९८३चा आहे: वर्षाला ५३३.४ कोटी टन, म्हणजे हेक्टरी सरासरी १६.३५ टन. त्यातली सुमारे २९ टक्के माती समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत साचते, असे त्यांनी मांडले. या हिशेबात बांधकामाचा वेगळा रकाना नाही. मेरिलँडचा वरच्या टोकाचा आकडा या सरासरीच्या तीसपट भरतो. एकाने ओढ्यातला गाळ मोजला आहे, दुसऱ्याने जमिनीवरची एकूण धूप, त्यामुळे ही तुलना सरळ नव्हे. प्रमाणाचा अंदाज येण्यापुरतीच ती घ्यावी.

कडेला अडवावे, की जागीच झाकावे

गाळनियंत्रणाची सर्वांत परिचित वस्तू म्हणजे गाळकुंपण. दोन-दोन मीटरवर खुंट ठोकून त्यांना ताणून बांधलेले विणीचे कापड, ज्याची खालची कड सुमारे पंधरा सेंटिमीटर खोल चरात पुरून वर माती ठोकलेली असते. ते समतल रेषेत घालायचे आणि दोन्ही टोके उताराच्या वरच्या बाजूला वळवायची, म्हणजे पाणी टोकाशी वळसा घालून निसटत नाही. कापड पाणी गाळते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात त्याची छिद्रे लवकर बुजतात. मग कुंपणामागे पाणी तुंबते, आणि तुंबलेल्या पाण्यातला जड गाळ खाली बसतो; कुंपणाचे खरे काम एवढेच. टेक्सासमधल्या ऑस्टिन परिसरात १९९०च्या दशकात झालेल्या अभ्यासात हेच कापड प्रयोगशाळेत उत्तम ठरले, पण चालू कामांवर त्याने गढूळपणात लक्षणीय घट केल्याचे दिसले नाही. माती बारीक होती, आणि कुंपणे नीट पुरलेली व राखलेली नव्हती.

मोठ्या कामांवर गाळतळे खोदतात. अमेरिकी परवान्यातला प्रचलित आकार एकरामागे ३,६०० घनफूट आहे. हेक्टरी हे सुमारे २५२ घनमीटर, म्हणजे जेमतेम २५ मिलिमीटर वाहत्या पाण्याची जागा. कोकणात एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडणे ही पावसाळ्यातली नेहमीची बाब आहे. त्या मापाचे तळे अशा दिवशी अनेकदा भरून वाहील. तळ्याचा तळ उपसण्याऐवजी तरंगत्या निचऱ्याने वरचे स्वच्छ पाणी काढणे ही अलीकडची मोठी सुधारणा. पण भौतिकशास्त्राने घातलेली मर्यादा तिनेही ओलांडता येत नाही. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण संथ पाण्यात एक मीटर खाली जायला दोन मिनिटे घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याचा पोयट्याचा कण तीन तास घेतो. आणखी दहाव्या हिश्श्याचा चिकणमातीचा कण बारा-तेरा दिवस घेतो. तेवढा वेळ पावसाळ्यात कोणतेही तळे स्थिर राहत नाही.

म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, की कडेवरची झुंज ही हरलेलीच असते. माती जागीच झाकावी. उतार तयार झाला की त्याच आठवड्यात त्यावर पेंढा, काथ्याची जाळी, गवताचे बी किंवा बी-खत-लगद्याची फवारणी करावी. अमेरिकी परवाना काम दोन आठवडे थांबणार असेल तर ती जागा झाकायला लावतो आणि त्यासाठी जागेच्या आकारानुसार सात किंवा चौदा दिवसांची मुदत देतो. भारतात यासाठी स्वदेशी साहित्याची चांगली परंपरा आहे. ताग आणि काथ्या यांच्या जाळ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत. काथ्याच्या जाळीला त्यांत ‘भूवस्त्र’ असे नावही मिळाले आहे. भराव आणि रस्त्याकडेच्या उतारांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका, आयआरसी ५६, आहे. ताग एखाद-दुसऱ्या हंगामात कुजतो, काथ्या त्याहून जास्त टिकतो, आणि तोपर्यंत गवताने जागा धरलेली असावी अशी ही योजना. वाळ्याच्या जुड्या समतल ओळीत लावण्याचा मार्गही याच घराण्यातला. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या ग्रीनफिल्ड आणि ग्रिमशॉ यांनी भारतातल्या कामातून त्याचा जगभर प्रचार केला. वाळा अर्थातच इथल्या लोकांना त्याआधीपासून ठाऊक होता.

झाकण्याच्या पक्षाचीही अडचण आहे, आणि मोसमी हवामानात ती मोठी आहे. मे महिन्यात पेरलेल्या गवताला पाणी नसते. जूनमध्ये उगवलेल्या गवताची मुळे पहिल्या जोरदार सरींपर्यंत जेमतेम बोटभर गेलेली असतात. वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ आणि आच्छादन सर्वांत कोवळे असण्याचा काळ एकच येतो. ते तीन-चार आठवडे जाळीने किंवा ताडपत्रीने सांभाळायचे असतात, आणि ठेकेदाराच्या हिशेबात नेमका तोच खर्च अनेकदा सुटतो.

वेळापत्रकाचा मार्ग

तिसरा मतप्रवाह साहित्यापेक्षा क्रमाला महत्त्व देतो. एका वेळी थोडीच जागा उघडावी, ती झाकल्यावर पुढची घ्यावी. वरच्या बाजूचे स्वच्छ पाणी चर काढून जागेबाहेरून वळवावे. आणि पावसाच्या महिन्यांत मातीकामच ठेवू नये. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड परिसरात मातीकामाचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असा धरला जातो. हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या ओल्या महिन्यांत, मातीकाम करायचे तर वेगळी परवानगी लागते.

महाराष्ट्रात हा विचार परका नाही. ‘पावसाआधी जोत्यापर्यंत आणायचे’ हे ठेकेदारांचे जुने गणित वेळापत्रकाचेच आहे, फक्त ते इमारत वाचवण्यासाठी केलेले असते. साध्या पायाच्या घराला ते जमते. दोन-तीन तळघरांच्या इमारतीला जमत नाही. खड्डा दोन पावसाळे उघडा राहतो. मंजुऱ्या वर्षअखेरीस मिळाल्या की खोदाई एप्रिल-मेमध्ये ऐन वेगात येते आणि पहिला पाऊस नेमका सर्वांत जास्त उघड्या मातीवर पडतो. काम पाच महिने थांबवणे म्हणजे कर्जावरचे व्याज, यंत्रांचे भाडे आणि परत गेलेले मजूर. विरोधकांचा हा मुद्दा वजनदार आहे. त्याला उत्तर म्हणून सुचवले जाते ते सरसकट बंदीऐवजी उघड्या क्षेत्राची कमाल मर्यादा: जूनच्या सुरुवातीला अमुक चौरस मीटरहून जास्त माती उघडी नको. कागदावर सर्वांत स्वस्त आणि मोजायला सर्वांत सोपा असा हा उपाय, पण कंत्राटाच्या अटींत तो क्वचित दिसतो.

रसायने आणि आकडे

बारीक चिकणमाती आपोआप बसत नसेल तर तिला बसवावे, हा चौथा मार्ग. निवळीच्या बिया किंवा तुरटी फिरवून गढूळ पाणी निवळणे भारतीय घरांना नवे नाही. तत्त्व तेच, प्रमाण मोठे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या मार्गदर्शिकेत, जी तिथे ‘ब्लू बुक’ म्हणून ओळखली जाते, पाण्यात विरघळल्यासारख्या पसरणाऱ्या मातीसाठी तळ्यात जिप्सम टाकण्याची पद्धत आहे. पावसानंतर पाच दिवसांत पाणी निवळून तळे रिकामे व्हायला हवे. ऑकलंडच्या महामार्गावर अॅल्युमिनियमचे क्षार वापरून झालेल्या कामांनी ही पद्धत पुढे नेली. आक्षेप आहेत ते रसायन नदीत निसटण्याबद्दल. धनभारित पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना चिकटतात, म्हणून बहुतेक ठिकाणी ऋणभारित पॉलिमरच चालतात. मात्रा चुकली तर अॅल्युमिनियमने पाणी आम्ल होते. रोज मात्रा ठरवणारा जाणता माणूस जागेवर नसेल तर हा मार्ग न घेतलेला बरा, यावर मात्र फारसे दुमत नाही.

सर्वांत कडाक्याचा वाद झाला तो आकड्यांवर. बांधकामाने कोणते उपाय करावेत हे सांगायचे, की बाहेर पडणारे पाणी किती स्वच्छ हवे तेवढे सांगून उपाय त्यांच्यावर सोडायचे? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २००९ मध्ये मोठ्या बांधकामांना गढूळपणाची २८० एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक) ही कमाल मर्यादा घातली. वर्षाला चार अब्ज पौंड गाळ कमी होईल आणि सुमारे ९५ कोटी डॉलर खर्च येईल, असा संस्थेचाच अंदाज होता. घरबांधणी व्यावसायिकांची संघटना न्यायालयात गेली. मर्यादा काढताना वापरलेल्या आकडेवारीत चूक असल्याचे संस्थेने मान्य केले. मर्यादा स्थगित झाली आणि २०१४ मध्ये मागे घेतली गेली. वाळवंटी राज्यातल्या आणि चिकणमातीच्या राज्यातल्या बांधकामांना एकच आकडा कसा लावायचा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. उपायांची यादी देणारे नियम राहिले. त्यांची अंमलबजावणी तिकडे निदान होते: २००८ मध्ये चार मोठ्या घरबांधणी कंपन्यांनी अशा उल्लंघनांसाठी ४३ लाख डॉलर दंड भरला.

याच्या अगदी उलट उदाहरण सिंगापूरचे. तिथे वर्षाला जवळपास मुंबईइतकाच पाऊस पडतो, फक्त तो वर्षभर विभागलेला असतो. बांधकामावरून सार्वजनिक नाल्यात जाणाऱ्या पाण्यात तरंगत्या कणांचे प्रमाण लिटरमागे ५० मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. आराखडा पात्र तज्ज्ञाने करायचा असतो आणि नाल्याच्या तोंडाशी लावलेले कॅमेरे पाण्याच्या रंगावरून इशारा देतात. म्हणजे आकडा पाळता येतो. पण छोटे क्षेत्र, एकच यंत्रणा आणि सढळ खर्च या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आहेत.

महाराष्ट्र आणि गोवा : उडणारी माती, वाहणारी माती

भारतात बांधकामावरच्या गाळासाठी स्वतंत्र कायदा नाही. नियम आहेत, पण विखुरलेले. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्याहून जास्त बांधकामाला पूर्वमंजुरी लागते. मंजुरीच्या अटींत वरचा सुपीक थर जपून पुन्हा वापरण्याची अट नेहमी असते. आयजीबीसी आणि गृह यांसारख्या हरित इमारत मानांकनांत धूप रोखणे व वरचा थर जपणे यांना स्थान आहे, मात्र ती मानांकने ऐच्छिक. पर्यावरण संरक्षण नियमांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला तरंगत्या कणांची लिटरमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती घडली कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी, आणि जूनच्या पहिल्या सरीत फाटकाखालून येणाऱ्या लाल पाण्याला ती लावताना सहसा कोणी दिसत नाही.

धुळीबाबत चित्र वेगळे आहे. जानेवारी २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने धूळ रोखण्याची व्यवस्था नसताना खोदाई करायला आणि सुटी माती उघडी ठेवायला मनाई केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा महापालिकेने ७० मीटरहून उंच इमारतींभोवती ३५ फूट उंच पत्रे, पाणी फवारणी आणि बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाके धुणे बंधनकारक केले. आपल्या नियमांना उडणारी माती दिसते. वाहणारी माती अजून पुरेशी दिसलेली नाही. गंमत अशी, की झाकलेला ढीग आणि धुतलेली चाके हे दोन्हीही गाळनियंत्रणाचे मूळ उपाय आहेत. पण चाके धुतलेले पाणी कुठे जाते, हे नियमाच्या अंमलबजावणीत विचारले गेले नाही तर हिवाळ्यात वाचवलेली धूळ चिखल होऊन गटारात पोहोचते.

शहरातल्या उतारावरच्या प्लॉटचे फाटक पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात पाहिले तर ही तफावत कळते. भोवती उंच पत्रे असतात, त्यांचा तळ आणि जमीन यांमध्ये चार बोटे फट असते, आणि चहाच्या रंगाचे पाणी तिथून सरळ पावसाळी गटाराकडे जाते. गाळकुंपणाच्या जागी हिरवी शेडनेट बांधलेली असते, पण तिची खालची कड पुरलेली नसते. तळघराच्या खड्ड्यातला पंप रात्री सुरू होतो. त्याचा पाइप कुठल्याही टाकीत न जाता थेट गटाराच्या जाळीवर टाकलेला असतो. यांतला एकही दोष दूर करायला मोठा खर्च लागत नाही. पत्र्याखाली मातीचा ठोकलेला बांध, फाटकाशी जाड खडीचा पट्टा आणि पंपाच्या पाण्यासाठी दोन कप्प्यांची टाकी एवढ्यावर जड गाळाचा बराच भाग अडतो. नंतर दरवर्षी मे महिन्यात नालेसफाईच्या टक्केवारीवरून वाद रंगतात, तेव्हा नाल्यात आलेला गाळ कुठून आला हा प्रश्न मागेच राहतो.

डोंगर कापला जातो तिथे धूप आणि दरड यांच्यातली सीमा पुसट होते. जून २०१३ मध्ये कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ शिंदेवाडीत फोडलेल्या टेकडीवरून आलेल्या पाण्याच्या लोंढ्यात पुणे-सातारा महामार्गावर एक महिला आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात परशुराम घाटात डोंगर कापल्यानंतर २०२१ आणि २०२२च्या पावसाळ्यांत दरडींमुळे वाहतूक थांबवावी लागली. कोकणात जांभ्याचा कठीण माथा कापला की खालचा मऊ, पांढरट-गुलाबी मातीचा थर उघडा पडतो. तो पाण्यात भरभर सुटतो. देशावरच्या काळ्या मातीचे दुखणे वेगळे. तिचे कण अतिसूक्ष्म असल्याने कुंपण आणि तळे दोन्ही तिच्यापुढे कमी पडतात. एकाच मार्गदर्शिकेने दोन्ही प्रदेश भागणार नाहीत.

गोव्यात नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार डोंगरउतार कापायला आणि सखल जमीन भरायला पूर्वपरवानगी लागते. कापण्यावर थेट बोट ठेवणारी ही तरतूद आहे. ती कापावे की नाही हे पाहते. कापलेल्या उतारावर पुढच्या पावसात काय करायचे हा तपशील परवानगीच्या अटींवर सोडलेला आहे.

महाराष्ट्रात आणखी एक विसंगती आहे. समतल चर आणि बांध यांचे ज्ञान मृद व जलसंधारण विभागाकडे आणि कृषी खात्याकडे आहे. बांधकामाची परवानगी नगररचना आणि महापालिकांकडे. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, म्हणजे साचलेला गाळ उपसण्याला सरकारी चौकट मिळाली. गाळ जिथून निघतो तिथे मात्र दोन्ही खात्यांची हद्द संपते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न कोणाचा गाळ किती, हा. पाणलोटात शेती, खाणी, ओढ्यांचे खचणारे काठ आणि बांधकामे एकत्र असतात. गाळाच्या रासायनिक आणि चुंबकीय गुणांवरून त्याचा उगम ओळखण्याची पद्धत जगात रुळली आहे. शहरी पाणलोटात ती सातत्याने वापरल्याशिवाय बांधकामाचा वाटा ठरवता येणार नाही. तोवर प्रत्येक बाजू आपल्याला सोयीचा वाटा धरत राहील.

दुसरा प्रश्न मापांचा. गाळतळ्याचे, चरांचे आणि जाळ्यांचे प्रचलित मापदंड मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातून आलेले आहेत. वर्षभर थोडाथोडा पडणारा पाऊस आणि जुलैत तासाभरात कोसळणारा पाऊस यांना एकच माप लावणे चुकीचे आहे यावर एकमत आहे. नवे माप काय असावे यावर नाही. मोठे तळे म्हणावे तर शहरातल्या प्लॉटवर जागा नसते, आणि छोटे ठेवले तर ते पहिल्याच दिवशी वाहून जाते. मोसमी प्रदेशात वेळापत्रकाचा आणि आच्छादनाचा पक्ष जड ठरतो तो मुख्यतः या कारणाने.

तिसरा खर्चाचा. ठेक्याच्या अंदाजपत्रकात धूपनियंत्रण ही मोजमापाची स्वतंत्र बाब नसते तेव्हा ते ‘इतर कामां’त मोडते आणि स्पर्धेच्या निविदेत सर्वांत आधी कापले जाते. चौरस मीटरवर दर ठरवून पैसे देण्याची पद्धत अमेरिकी रस्तेकामांत रुळली आहे. इथे ती आणावी असे म्हणणारे आहेत. तसे केले की ठेकेदार गरज नसलेल्या जागीही जाळी पसरतात, अशीही तक्रार ऐकू येते.

चौथा आणि बहुधा सर्वांत अवघड प्रश्न छोट्या जागांचा आहे. पर्यावरण मंजुरीची मर्यादा २०,००० चौरस मीटरपासून सुरू होते. बंगले, छोट्या सोसायट्यांची पुनर्बांधणी, गावाबाहेरचे बिगरशेती (एनए) प्लॉटिंग आणि त्यासाठी कापलेले कच्चे रस्ते तिच्या बाहेर राहतात. प्रत्येकाचा गाळ थोडा, पण एकाच नाल्यात येणाऱ्या शंभर प्लॉटांचा मिळून मोठा. एवढ्यांवर आराखडा आणि तपासणी लादायला पालिकांकडे माणसे नाहीत. म्हणून काही जण एका पानाच्या किमान अटींचा प्रस्ताव मांडतात: फाटकाशी खडी, कडेला पुरलेले कापड, ढिगावर ताडपत्री, पंपाच्या पाण्याला टाकी, आणि जूनआधी उघड्या जागेची मर्यादा. या अटी बांधकाम परवानगीला जोडायच्या की भोगवटा प्रमाणपत्राला, यावरही अजून दोन मते आहेत. परवानगीला जोडल्या तर काम सुरू होण्याआधीच त्या कागदावर राहतात; भोगवट्याला जोडल्या तर तपासणीच्या दिवसापर्यंत माती वाहून गेलेली असते.